घोरपडीचा कौल

"धाकू, हिला पाळू का, तेवढं देवीला विचार," द्वारकाकाकी म्हणाली आणि डोक्यावरचं डालगं तिने देवळाच्या पायरीवर उतरवलं.

मी गाभारा धुऊन नुकता बाहेर आलो होतो. कमरेला ओला पंचा, हातात रिकामी कळशी. म्हटलं, कोंबडीबिंबडी असेल. आमच्याकडच्या बायका कोंबडीच्या आजारपणासाठीसुद्धा देवीची झोपमोड करतात. वाकून डालग्यावरचं गोणपाट जरा बाजूला सारलं, तर आतून असा फुत्कार आला की मी कळशीसकट दोन पायऱ्या खाली. आत घोरपड होती. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चांगली दोन-अडीच हात, सुकल्या चिखलाच्या रंगाची. जीभ आतबाहेर करत होती आणि एका डोळ्याने मला न्याहाळत होती.

"अगो काकी, ही काय पाळायची वस्तू आहे?"

"म्हणून तर आणली विचारायला. मला कळतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. मी तेव्हा चौतिशीत होतो. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि देवळाची गुरवकी माझ्या एकट्याच्या अंगावर पडली होती. आमचं गाव राजापूरच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पायथ्याशी. देवी जाखाई. गावात कुठलंही काम देवीचा कौल घेतल्याशिवाय होत नसे. विहीर कुठे खणायची, मुलगी त्या घरात द्यायची का, मुंबईला गेलेला मुलगा माघारी येईल का, सगळं तिला विचारायचं. आणि तिच्या वतीने पाकळ्या लावायच्या त्या गुरवाने. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवीकडची आधी पडली तर हो. डावीकडची आधी पडली तर नको. एकदा पडली की पडली. त्या शब्दाबाहेर मग कोणी जायचा नाही, अगदी सरपंचसुद्धा नाही.

काकी पायरीवर टेकली. धाप लागली होती तिला. साठीची बाई, वरच्या वाडीपासून एवढं ओझं डोक्यावर घेऊन उतरली होती.

"कुठनं आणलीस?" मी विचारलं.

"आणली नाय. वाचवली. हा मेला काठीने चेचत होता तिला."

'हा मेला' म्हणजे सोनू मांडवकर, काकीचा शेजारी. तो तिच्या मागोमाग आलाच होता. तोंडाने फटकळ माणूस आणि हाताने त्याहून.

"चेचू नको तर काय आरती करू?" सोनू म्हणाला. "पंधरवड्यात माझी सगळी अंडी खाल्लीन. पिल्लं खाल्लीन ती वेगळीच. आणि धाकू, तुला सांगतो, ह्या काकीने माझ्या हातातली काठी ओढून घेतलीन. वर शिव्या दिल्यान त्या निराळ्या. आता काय, हिच्या शेपटीला दोर बांधून किल्ला चढणार असशील, काकी!"

"चढेन नायतर काय करीन. तू तुझं बघ."

मग दोघांच्या भांडणातून मला हकीकत कळली. घोरपडीचा मागचा पाय काठीने दुखावला होता. काकीने तिला उचलून आपल्या खुराड्यात ठेवलं, स्वतःच्या चार कोंबड्या स्वयंपाकघरात घेतल्या, आणि तीन आठवडे हळद-तेल लावलं. आता पाय बरा झाला होता. घोरपड चालत होती. म्हणजे पुढे काय, हा प्रश्न आला. सोनूचं म्हणणं साधं होतं. सोडलीस की ती माझ्याच खुराड्याकडे येणार. तू खुशाल सोड, मग ती आहे नि माझी काठी आहे. त्याच्या आईचे गुडघे धरले होते आणि घोरपडीचं तेल गुडघ्याला लागतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. घोरपड मारणं तेव्हाही गुन्हाच होता. पण वनखात्याचा माणूस वर्षाकाठी एकदा यायचा, जेवून जायचा, आणि सोनूला त्याचं काडीचं भय नव्हतं. सोनूला भय एकाच गोष्टीचं होतं, ते म्हणजे देवीच्या शब्दाचं.

"देवी काय सांगेल ते मला कबूल," तो म्हणाला. "मग मी ब्र काढणार नाय."

"मलाही कबूल," काकी म्हणाली.

एवढं बोलून तिने गोणपाट वर उचललं आणि आत बघत हळूच म्हणाली, "घाबरू नको हां. हा गुरव आहे आपला. काय करत नाय तो." मग माझ्याकडे वळून, "बोलते मी तिच्याशी. घरात आणखी आहे कोण बोलायला?" म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने पदर लावला.

ते डोळे बघून मला तिचं घर आठवलं. तिचा नवरा, जयरामकाका, जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वाडीच्या शेवटाला एकटं घर, आणि ही बाई दिवसदिवस कोणाशी चार शब्द बोलत नसे. आता कधी नव्हे ते तिला कोणीतरी मिळालं होतं. असेना का घोरपड! देवीने नको म्हटलं तर हिने रिकामं डालगं घेऊन परत वाडी चढायची, आणि घोरपडीच्या नशिबी सोनूची काठी. मला ते बघवेना.

खरं तर मी तिला सरळ विचारायला हवं होतं, की काकी, तुझ्या मनात काय आहे? पण आमच्यात तो दंडक आहे. विचारणाऱ्याच्या मनातलं गुरवाने विचारायचं नसतं. बाबा म्हणायचे, मनातलं कळलं की हात सरळ राहत नाही. मी तो दंडक अगदी काटेकोर पाळला. दुसरा मोडला.

तो दुसरा असा. देवीच्या मूर्तीच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, दगडाला एक बारीक खळगा आहे. नखाएवढा. शेंदराखाली लपलेला, बाहेरून दिसत नाही, बोटाला कळतो. त्या खळग्यात पाकळी अंगठ्याने दाबून बसवली तर ती सुकेपर्यंत पडत नाही. मला पूजा शिकवताना बाबांनी माझं बोट धरून तो खळगा दाखवला होता. "इथे कधीही लावायची नाय," म्हणाले होते. "म्हणून दाखवून ठेवतो."

पाच-सहा माणसं जमली. मी गाऱ्हाणं घातलं. "हे आई जाखाई, तुझ्या गावची ही लेक द्वारका, तिच्या पदरात एक मुका जीव आलेला आहे. तो तिने पाळावा अशी तुझी मर्जी असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे, आणि सगळ्यांना सांभाळून घे!" मागून सगळे "होय महाराजा" म्हणाले. उजवी पाकळी मी नेहमीसारखी लावली. डावी लावताना अंगठा खाली सरकवला आणि दाबला.

उजवी पाकळी अर्ध्या मिनिटात पडली.

"पाळ म्हणतेय," मी म्हणालो. आवाज जरा घोगरा निघाला, पण लोक म्हणाले देवीच्या तेजाने. लोक चांगले असतात हो, कारणं आपली आपण शोधतात.

काकी काही बोलली नाही. मूर्तीकडे बघत राहिली. मला वाटलं आनंदाने तोंडातून शब्द फुटत नाही. सोनूने कान पकडून देवीला नमस्कार केला आणि तिला म्हणाला, "पाळ म्हटलंन तर पाळ बाई. खुराड्यातल्या घोरपडीला माझा हात लागणार नाय. पण बाहेर दिसली तर ती पाळलेली नव्हे, हे ध्यानात ठेव." काकीने मान हलवली, डालगं उचललं आणि गेली.

मी दिवसभर खुशीत होतो. घरी गेल्यावर शेवंतीला, माझ्या बायकोला, तिखटमीठ लावून सांगितलं, खळग्याचं सोडून. ती भाकरी थापत होती. "घोरपड पाळायची?" म्हणाली. "देवीला आजकाल बरं नसावं."

पुढे महिना-सव्वा महिना गेला. पौष लागला. एक दिवस शेवंती धुणं धुऊन आली ती मोठ्याने बोलतच.

"तुमची द्वारकाकाकी वहाळात होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडाखाली हात घालत होती. म्हटलं काय गो करतेस? तर म्हणे खेकडे शोधते, ती अंडी खाईनाशी झाली. अंगात कणकण आहे तिच्या, डोळे बघा कसे झालेत. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, तिथेही गेली नाय. एक दिवस घर सोडत नाय ती बाई. जाऊन या जरा."

मी गेलो. दुपारची वेळ होती. काकी खुराड्यासमोर पाटावर बसली होती, मांडीवर करवंटीत चार बारके खेकडे. मला बघून हसली, पण उठली नाही. मी वाकून आत बघितलं.

घोरपडीचं नाक सोललं होतं. खुराड्याच्या कामट्यांवर घासून घासून नुसतं मांस दिसत होतं. पुढच्या पायाची दोन नखं तुटली होती. कातडी सैल होऊन पोटाखाली लोंबत होती. मी बघत असतानाच ती उठली, कामटीपाशी गेली, तेच सोललेलं नाक फटीत घातलं आणि दाबत राहिली. मग पुढच्या फटीत. मग त्याच्या पुढच्या. शेवटाला गेली की वळून परत पहिलीपासून.

"दिवसभर असंच," काकी म्हणाली. "ऊन असेतोवर. फडकं बांधून बघितलं कामटीला. ते फाडलंन."

"तू बोलतेस ना तिच्याशी? ओळखत असेल ना तुला?"

"खुळा की काय तू? घोरपड काय ओळखते? हात घातला की शेपटी मारते. हे बघ." तिने बाही वर केली. दंडावर लांब काळानिळा वळ होता. "तिला मी म्हणजे खुराड्याचं दार. तेवढंच."

मी पटकन म्हणालो, "मग सोड की तिला."

काकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो.

"सोड? तू म्हणतोस? गुरव असून? देवीने पाळ म्हटलंय, सगळ्या गावासमोर म्हटलंय. आणि सोडली तर तो सोनू बसलाय तिकडे टपून."

"पण तुलाच हवी होती ना ती?"

"कोण म्हणालं?"

मी तिच्या पाटाजवळ खाली टेकलो.

"अरे, मी ती सोडायलाच आले होते," काकी म्हणाली. "पाय बरा झाला तेव्हापासून नाक घासायला लागली होती. मला काय डोळे नायत? मला कळत होतं की हे जनावर घरातलं नव्हे. पण नुसती सोडली असती तर सोनूने दुसऱ्या दिवशी मारली असतीन. म्हटलं देवीनेच नको म्हणावं. देवीने सोडायला लावली म्हटल्यावर ती देवीचीच झाली असती ना रे? मग सोनूच काय, पंचक्रोशीत कोणी तिच्यावर हात उगारला नसता. रात्रंदिवस मी तेच मागत होते, आई डावा दे, डावा दे. त्या दिवशी रडू आलं ते त्याच्यानेच." ती करवंटीतला एक खेकडा उचलून कामटीतून आत टाकू लागली. "पण दिलान उजवा. तिच्या मनात काय असेल ते तिला माहीत. माझं काम पाळायचं. मरेपर्यंत पाळीन. बघू ती आधी मरते की मी."

खेकडा आत पडला. घोरपडीने त्याच्याकडे बघितलंही नाही.

घरी आलो ते कसा आलो मला माहीत नाही. शेवंतीने ताट वाढलं, मी हात लावला नाही. शेवटी तिने विचारलं आणि मी सगळं ओकलो, खळग्यासकट. तिने भाकरीचं टोपलं झाकून ठेवलं.

"काकीला जाऊन सांगा," ती म्हणाली.

"सांगा काय सांगा! उद्या गावात कळलं तर? गुरवकी जाईल ती जाईल. पण किती जणांनी देवीच्या शब्दावर पोरी दिल्यात, भाऊ-भाऊ एकत्र राहिलेत, माणसं आहेत त्यात समाधान मानून बसलीत. एक कौल खोटा म्हटला की सगळ्यांनाच वाटेल, आपलाही खोटाच होता."

"ते आधी सुचायला हवं होतं."

"मी तिचं भलं बघितलं गो."

"तिला विचारून बघितलंत?" शेवंती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर मी देवळाचं दार लोटून घेतलं. म्हटलं, आता जिचा शब्द तिलाच विचारू. दोन पाकळ्या भिजवल्या, खळगा टाळून अगदी बरोब्बर जागेवर लावल्या आणि हात जोडले. "आई, काकीला सांगू का? सांगायचं असेल तर उजवा दे." आणि उभा राहिलो.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पौषातला गारठा, वाऱ्याचा लवलेश नाही. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. माझे पाय भरून आले. मी खाली बसलो. समईत तेल घातलं, परत बसलो. ऊन दाराच्या फटीतून आत आलं आणि माझ्या गुडघ्यापर्यंत पोहोचलं तरी पाकळ्या हलायला तयार नाहीत. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेवटी मला तिचा राग आला, आणि मग लाज वाटली. ती तरी काय बोलणार होती? मी तिच्या तोंडावर अंगठा ठेवला होता. उठलो, पाकळ्या तशाच ठेवल्या आणि वरच्या वाडीची वाट धरली.

काकी कालच्याच पाटावर बसली होती. मी तिच्यासमोर अंगणात मांडी घातली आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. डावी पाकळी दाबली. देवी काही बोललीच नाही. बोललो तो मी.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिला शिव्या छान येत. पण ती वळून खुराड्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे हे सव्वा महिना मी तुझ्या सांगण्यावरून केलं."

"होय काकी."

"हिचं नाक सोललं ते तुझ्या सांगण्यावरून."

"होय."

"कशाला रे?"

"तुला सोबत होईल म्हणून."

"सोबत!" ती म्हणाली. तो एवढा एकच शब्द. मग गुडघ्यावर हात रोवून उठली, आतून गोणपाटाची पिशवी घेऊन आली आणि खुराड्याचं दार उघडलं. "धर तोंड पिशवीचं. शेपटी सांभाळ."

"सोनूला मी सांगतो, की मी खोटा..."

"तू काय सांगू नको. तू पुष्कळ सांगितलंस. सोनूला मी सांगेन की कामटी मोडून पळाली. सड्यापलीकडे सोडू, तिकडे घर नाय नि कोंबडी नाय. इतक्या लांबून माघारी यायची नाय ती."

पिशवी डालग्यात ठेवून मी डोक्यावर घेतली. काकीला म्हटलं तू बस, ताप आहे तुला. ऐकेल तर शपथ. काठी टेकत पुढे चालायला लागली. सडा चढून पलीकडच्या उताराला लागेपर्यंत दीड तास गेला. तिकडे कातळ फुटून खाली दाट झाडी आहे, तळाला पाणी आहे. तिथे मी पिशवी आडवी केली आणि तोंड सोडलं.

घोरपड लगेच बाहेर आली नाही. आधी जीभ आली. मग ते सोललेलं नाक. मग ती कातळावर येऊन उन्हात पोट टेकून पडली, मेल्यासारखी. काकी म्हणाली, "बाई गं, गेली की काय." तेवढ्यात घोरपडीने मान उचलली, सळकन वळली आणि झुडपात शिरली. पाचोळा वाजला, थांबला. एवढंच. आम्ही आणखी थोडा वेळ उभे राहिलो, पण बघण्यासारखं काही नव्हतं.

परत येताना काकी सड्याच्या कडेला बसली. तिथून सगळं गाव दिसतं. खाली माडांमधून देवळाची कौलं दिसत होती. मला वाटलं ती दमली आहे. मीही जरा लांब बसलो.

"धाकू," ती म्हणाली, "एक विचारते. आमच्यांच्या वेळचा कौल तुझ्या बापसाने लावला होता."

मला तो कौल आठवत होता. जयरामकाकांच्या पोटात गाठ होती. राजापूरच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्या म्हटलं होतं, कापावं लागेल, वाचेल की नाही सांगता येत नाही. काका जायला तयार नव्हते. काकीच्या भावाने गाडी ठरवली होती. तेव्हा काकीने देवळात येऊन विचारलं होतं, घरीच ठेवू का? देवीने उजवा दिला होता. काकांना घरी ठेवलं. चार महिन्यांनी गेले.

"तो तसलाच होता का रे?" काकी म्हणाली. "तुझ्या बापसाला माहीत होती ना ती जागा? त्यानेच दाखवलीन ना तुला?"

"त्यांनी लावायची नाय म्हणून दाखवली होती."

"ते मी ऐकलं. मी विचारते ते सांग. आमचे हे जायचं नाय म्हणत होते. तुझा बापूस आणि हे जिवाचे दोस्त. त्याला वाटलं असेल, काढू दे बिचाऱ्याला घरात दिवस. तुला माझ्याबद्दल वाटलं तसं. तू होतास ना तेव्हा देवळात?"

होतो. मंडपात पंधरा-वीस माणसं होती आणि मी सगळ्यांच्या मागे, घंटेपाशी. मला फक्त बाबांची पाठ दिसत होती. कोपर वर उचललेलं दिसत होतं. अंगठा कुठे होता ते मला दिसलं नाही. पाकळी पडली तेव्हा बाबा वळले आणि त्यांनी काकीकडे न बघता काकांकडे बघितलं होतं, हे मात्र मला आठवत होतं. गेली अकरा वर्षं ते मला कधी आठवलं नव्हतं. त्या क्षणी आठवलं.

"होतो," मी म्हणालो. "मी अगदी बाजूला होतो. बाबांनी पाकळी सरळ जागेवर लावली होती. तो कौल देवीचाच होता."

"बघितलंस तू?"

"बघितलं."

"देवीची शपथ घे. तिकडे तोंड करून घे."

मी उठलो. देवळाकडे तोंड केलं, गळ्याला हात लावला आणि जाखाईची शपथ घेतली. शब्द स्पष्ट उच्चारले. एकदाही अडखळलो नाही.

काकी खाली बघत होती. तिचे खांदे हळूहळू खाली आले. मग ती रडली, अगदी मोकळेपणाने, नाक ओढत, पदर तोंडावर न घेता. "म्हणजे देवीनेच ठेवलं त्यांना घरात," ती म्हणाली. "माझी काय चूक नाय झाली."

"नाय काकी. तुझी काय चूक नाय."

"मग झालं." तिने डोळे पुसले, काठी धरली आणि उठली. "चल. कोंबड्या अजून स्वयंपाकघरातच आहेत माझ्या. आज त्यांना त्यांचं खुराडं धुऊन द्यायला हवं."

मी रिकामं डालगं उचललं आणि तिच्या मागून उतरायला लागलो. खाली वाटेला देवळाचा कोपरा आला. काकी थांबली, वहाणा काढल्या आणि नेहमीसारखे डोळे मिटून हात जोडले. मी शेजारी उभा होतो. माझ्या हातात डालगं होतं, ते खाली ठेवून हात जोडता आले असते. मी ठेवलं नाही.